पितळी रंगाची हँडलं घ्यायचीत, पितळ उघडं पडायच्या आत सांगा

शहापुरी
शुक्रवार, रात्री ९.५०

नमस्कार मंडळी. घरी शहापूरला (बेळगाव) स्वयंपाकघराची डागडुजी काढलीय. कपाटं १९९८ सालची, वडिलांनी स्वतः उभं राहून करून घेतलेली. १९ मिमीचा प्लाय अजून टणक आहे, मायका एक-दोन कोपरे सोडले तर शाबूत. मोडायला मन होईना आणि कारणही नाही. तेव्हा नुसती हँडलं बदलायची असं ठरलं. १४ शटर आणि ९ ड्रॉवर, म्हणजे २३ नग.

आईला पितळी हवीत. तिचं म्हणणं, "देवाच्या समईसारखा रंग पाहिजे, नाटकातल्या दागिन्यासारखा नको." एवढ्याशा वाक्यावर मी काल तीन दुकानं पालथी घातली. ब्रास, अँटिक ब्रास, सॅटिन ब्रास, गोल्ड, शॅम्पेन गोल्ड, रोझ गोल्ड... तासाभराने मला सगळी सारखीच दिसायला लागली. पण एकसारख्या दिसणाऱ्या दोन हँडलांच्या भावात चौपट फरक कसा?

सोबत बैलहोंगलकडचे सुतारमामा होते. दुकानदार "प्युअर ब्रास" म्हणून एक हँडल हातात देत होता. मामांनी ते तळहातावर दोनदा उडवलं आणि हळूच म्हणाले, "हित्ताळी अल्ला री, बण्णा." पितळ नव्हे हो, रंग आहे. दुकानदाराला कन्नड येत होतंच. पुढचं बोलणं वाढायच्या आत आम्ही बाहेर पडलो.

तर प्रश्न असे. खरं पितळ ओळखायचं कसं, आणि स्वयंपाकघरात ते हवंच कशाला? गोल नॉब बरे की दांडीची हँडलं? आईची बोटं सांध्यांत दुखतात. आणि जुन्या भोकांतच नवी बसतील का? टेप लावला तर दोन भोकांमधलं अंतर चार इंच भरतं. दुकानदार म्हणतो, "चार इंच म्हणजे ९६ च की ओ."

सीमेवरचा
शुक्रवार, रात्री १०.०५

धाग्याचं नाव वाचूनच आलो. पितळ उघडं पडलं तर आनंदच आहे की, आत पितळ निघालं म्हणजे! लोकांचं आत जस्त निघतं.

उद्यमबागवाला
शुक्रवार, रात्री ११.२०

सीमेवरच्याने थट्टेत खरं तेच सांगितलं. मी बावीस वर्षं फाउंड्रीत काढली आहेत, हँडलं कधी ओतली नाहीत, पण धातू कळतो.

बाजारात 'ब्रास' हे बहुतेक वेळा रंगाचं नाव असतं, धातूचं नव्हे. आत चारपैकी एक काहीतरी असतं. जस्ताचा मिश्रधातू साच्यात दाबून ओतलेला, तो सगळ्यात जास्त खपतो. मग ॲल्युमिनियम, मग लोखंड किंवा स्टेनलेस स्टील, आणि शेवटी खरं पितळ, म्हणजे तांबं आणि जस्त.

ओळखायला आधी लोहचुंबक. घट्ट चिकटला तर लोखंड, विषय संपला. नाही चिकटला म्हणून पितळ ठरत नाही, कारण जस्त, ॲल्युमिनियम आणि बरंचसं स्टेनलेसही चिकटत नाही. मग हँडल उलटं करा आणि जिथे स्क्रू जातो त्या भोकात मोबाईलची बत्ती मारा. आटे पाडताना आतला मुलामा खरवडला जातो. आत पिवळं दिसलं तर पितळ, राखाडी-पांढरं दिसलं तर दुसरं काही. नव्वद टक्के निकाल इथेच लागतो.

दुकानदार फारच हुज्जत घालत असेल तर एक नमुना घरी आणा. आधी हँडल वजनकाट्यावर ठेवून वजन लिहून घ्या. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा. हँडलला दोरा बांधून ते पेल्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा कडेला टेकवू नका. काट्यावर जो आकडा येईल तो हँडलच्या आकारमानाचा. पहिल्या वजनाला त्याने भागा. भरीव पितळ साडेआठच्या आसपास येतं, जस्ताचा मिश्रधातू पावणेसातच्या आत, ॲल्युमिनियम २.७. उदाहरणार्थ १५० ग्रॅमचं हँडल बुडवल्यावर १७-१८ दाखवलं तर पितळ, २२-२३ दाखवलं तर जस्त. पोकळ नळीच्या हँडलला हे चालणार नाही, आत हवा अडकते.

मामांनी हातावर उडवून जे केलं ते हेच. फक्त त्यांना पेला लागला नाही.

खानापूरची_अक्का
शनिवार, सकाळी ७.१५

उद्यमबागवाले, धातू कळला. पण पावसात त्याचं काय होतं ते मी सांगते, कारण आमच्याकडे जांबोटीच्या बाजूला जून ते सप्टेंबर भिंतीसुद्धा घाम सोडतात.

सात वर्षांपूर्वी मी सोनेरी मुलाम्याची जस्ताची हँडलं बसवली. दुसऱ्या पावसाळ्यात सिंकखालच्या दोन शटरांवर आधी तांदळाएवढे फोड आले. नखाने टोकरलं तर पापुद्रा निघाला आणि खाली पांढरी भुकटी. मुलाम्याला सुईच्या टोकाएवढं छिद्र असलं तरी पाणी आत जातं आणि खालचं जस्त कुजतं. गंमत म्हणजे त्याच खोक्यातली वरच्या कपाटांची हँडलं अजून चकचकीत आहेत. पाणी लागतं तिथेच भोगावं लागतं.

दुसरी चूक माझीच. दिवाळीत तांब्या-पितळेची भांडी उजळताना हात तसाच हँडलांवर फिरला, चिंच-मीठ घेऊन. भांडी लखलखली आणि हँडलांचा सोनेरी रंग फडक्यावर आला. मुलाम्याची किंवा लॅकर (पारदर्शक लेप) मारलेली हँडलं चिंच, लिंबू, राख, भांडी उजळायची पावडर यातल्या कशानेही घासायची नाहीत. ओलं फडकं, फारच चिकट असेल तर साबणाचा थेंब, आणि लगेच कोरडं पुसायचं. बस्स.

निपाणीकर
शनिवार, सकाळी ८.४०

एवढा खटाटोप कशाला? ॲल्युमिनियमचं प्रोफाइल (शटरच्या कडेला बोटं घालायची लांब खाच) बसवून टाका. हँडलच नको, दिसायला स्वच्छ.

खानापूरची_अक्का
शनिवार, सकाळी ८.५२

निपाणीकर, त्या खाचेत भाकरीचं पीठ बसतं. मग मुंग्या येतात. मग कोण साफ करतं ते सांगा बघू.

निपाणीकर
शनिवार, सकाळी ८.५५

बायको.

निपाणीकर
शनिवार, सकाळी ९.१०

माघार घेतो. मागून वाचत होती.

गुण्या
शनिवार, दुपारी १.३०

निपाणीकरांना माफ करून मुद्द्याकडे येतो. चार इंच म्हणजे ९६ नव्हे. इथेच निम्म्या लोकांची फसगत होते.

नवी हँडलं मिलिमीटरवर चालतात आणि बहुतेक मापं ३२ च्या पटीत येतात, ९६, १२८, १६०, १९२, २२४, २५६. हे अंतर एका स्क्रूच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंतचं, हँडलच्या टोकापासून टोकापर्यंतचं नव्हे. दुकानात 'सेंटर' विचारा. १९९८ ची तुमची भोकं इंचावर पाडलेली आहेत. चार इंच म्हणजे १०१.६ मिमी. ९६ शी फरक ५.६, म्हणजे दोन्ही बाजूंना २.८.

आता हे २.८ फार वाईट माप आहे. एवढ्या जवळ नवीन भोक पाडायला गेलात तर बिट घसरून जुन्या भोकात जातं आणि दोन्ही मिळून लांबट आठ होतो. म्हणून आधी जुनं भोक बुजवायचं. सागाची बारीक खुंटी तासायची, फेव्हिकॉल लावून ठोकायची, रात्रभर वाळवायची, सकाळी धारदार पटाशीने मायकाच्या बरोबरीला कापायची. मग तिथेच नवीन भोक पाडलं तरी बिट सरळ जातं.

बुजवलेली खुंटी दिसेल का? हिशेब करा. जुनं भोक ५ मिमीचं. नव्या मध्यापासून त्याची लांबची कड २.८ अधिक २.५, म्हणजे ५.३ मिमीवर येते. नव्या हँडलचा पाय १२ मिमी रुंद असेल तर तो मध्यापासून ६ मिमी झाकतो, सगळं आत. पाय १० चा असेल तर झाकतो ५, आणि बाहेर ०.३ ची चंद्रकोर राहते. रोज ओटा पुसताना तीच दिसणार. तेव्हा रंग बघायच्या आधी पायाची रुंदी बघा. सोबत जुन्या स्क्रूचा नमुना आणि साधी फूटपट्टी न्या.

बाकीच्यांसाठी सांगून ठेवतो. तीन इंची भोकं ७६ च्या हँडलला जातात. पाच इंची १२८ ला जातात, भोक जरासं कानसून. सहा इंची मात्र १६० ला जात नाहीत, तिथे मागे लांब पट्टी असलेलं हँडल घ्यावं म्हणजे जुन्या खुणा पट्टीखाली जातात.

चंदगडी
शनिवार, दुपारी ४.१०

नॉब की दांडी, यावर कुणी बोललं नाही म्हणून लिहिते.

सांधे दुखत असतील तर नॉब नकोच. नॉब चिमटीत धरावा लागतो, दांडीत चार बोटं अडकवून ओढता येतं. मागे बोटांना जागा किती तेही बघा, पाऊण इंच असेल तर हाडं शटरला घासतात. सव्वा इंच तरी हवी. खालच्या जड ड्रॉवरला, जिथे कुकर आणि कढया ठेवता, तिथे दांडी लांब घ्या.

आणि दांडीची टोकं! दोन पायांच्या बाहेर दांडी पुढे आलेली असते ती फॅशनची हँडलं घेऊ नका. माझ्या सासूबाईंचा पदर त्या टोकात अडकला, हातात दुधाचं पातेलं. दूध गेलं, पदर फाटला, सुदैवाने भाजलं नाही. आमच्या नवऱ्याच्या पँटचा खिसाही एकदा तसाच फाटला, त्यावर मात्र कुणी हळहळलं नाही. टोकं वळून शटरकडे जाणारी, कमानीसारखी हँडलं घ्या.

शहापुरी
शनिवार, रात्री ९.३०

बाप रे, एवढं ज्ञान! दुपारी परत दुकानात गेलो, लोहचुंबक, फूटपट्टी आणि मोबाईल घेऊन. दुकानदाराने मला तपासणी अधिकारी समजून चहा मागवला.

'प्युअर ब्रास' आतून राखाडी निघालं. खरं पितळ एकाच ठिकाणी सापडलं, साधी कमानीची जुनी घडण, पण २३ नग घ्यायचे तर कपाटांपेक्षा हँडलं महाग. तिसरा पर्याय स्टेनलेसवर पीव्हीडी केलेला पितळी रंग. हे पीव्हीडी काय प्रकरण?

घरची जुनी हँडलं ऑइलपेंटखाली खरं पितळ असतील अशी मला मनातून फार आशा होती. एक घासून बघितलं. चुंबक टाळी वाजवून चिकटला.

उद्यमबागवाला
शनिवार, रात्री १०.१५

निर्वात पेटीत धातूची वाफ करून ती वस्तूवर बसवतात. सोनेरी छटा टायटॅनियम नायट्राइडची, पितळेच्या जवळ जाणारी फिकट छटा झिर्कोनियम नायट्राइडची. थर अतिशय पातळ पण फार कठीण, नखाने किंवा भांड्याने सहसा ओरखडत नाही. खाली स्टेनलेस असेल तर अक्कांच्या तांदळाएवढ्या फोडांची काळजी नाही. जस्तावरही पीव्हीडी करतात, तेव्हा 'पीव्हीडी आहे' एवढ्यावर जाऊ नका, खाली काय आहे ते विचारा.

खऱ्या पितळेबद्दलही एक लक्षात घ्या. त्यावर पारदर्शक लॅकर असतो. तो जिथे हात लागतो तिथे आधी उडतो, आणि मग तेवढाच भाग काळवंडतो, ठिपक्याठिपक्यांनी. विनालॅकरचं घेतलं तर सगळं एकसारखं काळपट होत जातं. ते आवडणारे लोक आहेत. समईसारखं हवं असेल तर समईसारखं दर सणाला घासावंही लागेल.

सीमेवरचा
शनिवार, रात्री १०.२२

म्हणजे २३ समया. दादा, स्टेनलेस घ्या.

शहापुरी
शनिवार, रात्री १०.४०

आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, ओट्याला स्टेनलेसची बसव, पण देवघराच्या कपाटाच्या दोन दारांना खरं पितळ पाहिजे, ती मी घासेन. म्हणजे २१ आणि २. ठरलं. ९६ चं सेंटर, पाय १२ मिमी, कमान. मामांना पुढच्या आठवड्यात सवड नाही, उद्या मीच बसवतो. भोक पाडायच्या काही युक्त्या असतील तर आज रात्रीच सांगा.

गुण्या
शनिवार, रात्री ११.०५

घाईत सांगतो.

प्रत्येक शटरवर वेगळं माप घेऊ नका, चुकेल. मायकाचा एक तुकडा घ्या, त्याच्या दोन कडांना लाकडी पट्ट्या चिकटवा म्हणजे तो शटरच्या कोपऱ्यावर टोपीसारखा बसेल. त्यात दोन भोकं अचूक पाडा आणि मग तोच साचा सगळीकडे. डाव्या-उजव्या शटरला साचा उलटायचा. खालच्या शटरला हँडल वरच्या कोपऱ्यात, वरच्याला खालच्या कोपऱ्यात, बिजागरीच्या विरुद्ध कडेला.

साच्यातली भोकं अचूक यायला आजोबांची युक्ती. हँडलच्या दोन्ही पायांना ओलं कुंकू लावायचं आणि कागदावर दाबायचं. दोन लाल कडी उमटतात, मध्ये स्क्रूची जागा कोरी. त्या कोऱ्या ठिपक्याचा मध्य पकडायचा. टेपने मापलेल्यापेक्षा हे खरं, कारण प्रत्येक खोक्यात एखादं हँडल अर्धा मिमी वाकडं असतंच.

बिट ५ चं घ्या, स्क्रू ४ चा असतो, मग इकडेतिकडे सरकवायला थोडी जागा राहते. पुढून आत पाडा, मागे टाकाऊ लाकूड घट्ट धरा. आणि शेवटचा अर्धा वळसा हातानेच, मशीनने आटे खाल्ले जातात.

शहापुरी
रविवार, संध्याकाळी ६.४५

झालं! म्हणजे बरंचसं झालं.

सकाळी सातला बसलो. काल रात्रीच खुंट्या ठोकून ठेवल्या होत्या, ४६ खुंट्या, अंगठा सुजलाय. आई दर अर्ध्या तासाने डोकावून, "काय करूलास रे सकाळधरनं?"

पहिल्याच शटरला टाकाऊ लाकूड धरायचा कंटाळा केला. बिट पलीकडे निघताना आतल्या मायकाचा रुपयाएवढा टवका उडाला. आतून आहे, मेणाने भरला, आईला सांगितलेलं नाही. पुढची वीस शटर-ड्रॉवर इमानदारीत लाकूड धरून केली.

कुंकवाची युक्ती अफाट. खोक्यातली तीन हँडलं खरंच किंचित वाकडी निघाली, ती ड्रॉवरला बसवली, तिथे भोक थोडं कानसता येतं.

खरी अडचण स्क्रूची आली. सोबत आलेले स्क्रू २५ मिमीचे. माझा प्लाय १९, दोन्हीकडचा मायका धरून २१. म्हणजे हँडलच्या आत जेमतेम ४ मिमी. पहिलं हँडल बसलं, छान दिसलं, आईने ओढलं आणि तिच्या हातात आलं. ड्रॉवरला तर पुढची फळी आणि आतली पेटी मिळून ३३ भरतात, तिथे २५ चा स्क्रू पलीकडे पोचतच नाही. रविवारी अर्धी दुकानं बंद. शेवटी एका ठिकाणी ४० चे मिळाले. ड्रॉवरला जसेच्या तसे, शटरला कापून २८ केले.

उद्यमबागवाला
रविवार, संध्याकाळी ७.१०

कापताना आधी नट चढवलात ना? नट चढवायचा, मग कापायचं, मग नट फिरवत बाहेर काढायचा. कापलेल्या टोकावरचे मोडलेले आटे नटच सरळ करतो.

शहापुरी
रविवार, संध्याकाळी ७.१४

नाही ना. प्रत्येक स्क्रू शिव्या देत आत घातला. हे काल का नाही सांगितलंत!

चंदगडी
रविवार, संध्याकाळी ७.३०

आईंचा हात बसतोय का नीट? ते महत्त्वाचं.

शहापुरी
रविवार, रात्री ८.०५

बसतोय. कुकरच्या ड्रॉवरला मात्र एका हाताने जोर पुरत नाही. तो ३० इंच रुंद आहे, ९६ चं हँडल त्यावर चिमणीएवढं दिसतं. तिथे लांब दांडी घ्यायला हवी होती, तुम्ही लिहिलंही होतं. पुढच्या शनिवारी बदलतो. त्या रुंदीला किती सेंटरचं घेऊ?

गुण्या
रविवार, रात्री ८.२०

रुंदीचा तिसरा हिस्सा धरा. ३० इंच म्हणजे ७६२ मिमी, २५६ घ्या. आणि बरोबर मध्यावर, उभ्या मापात थोडं वर बसवा, म्हणजे वाकावं कमी लागेल. आताची दोन भोकं मात्र उघडी पडतील, दांडीखालून दिसतील. मागे पट्टी असलेलं मिळतंय का बघा.

खानापूरची_अक्का
रविवार, रात्री ८.४५

आणि देवघराची दोन?

शहापुरी
रविवार, रात्री ९.००

ती आईने स्वतः स्क्रू पिळून बसवली. मी फक्त भोकं पाडली. लगेच फडकं घेऊन पुसायलाही लागली. लॅकर आहे, चिंच लावू नकोस म्हणालो, तर म्हणे, "लॅकर किती दिवस टिकतो ते बघतेच."

निपाणीकर
रविवार, रात्री ९.२०

ते ९६ चं एक स्टेनलेसवालं उरणार ना तुमच्याकडे कुकरच्या ड्रॉवरचं? आमचं एक गळून पडलंय. पायाची रुंदी १२ च आहे ना, नक्की? बायकोने विचारायला सांगितलंय.